आठ वाजून बावीस

द्वारकी पुतू गावडे, वस्ती पंचवाडी,
फोंड्याच्या मामलेदार कचेरीत, बाकावर, तिसरा सोमवार.
मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत घरपट्टीच्या पावत्या, वर्षावार, रबर लावून.
मुंडकारांच्या नोंदीत तिचं घर नाही.
म्हणजे घर आहे, चुलीसकट, कोंबड्यांसकट.
ओळ नाही.

मी कंत्राटी. अकरा महिने, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा.
नोंद शोधली तिच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने,
सर्व्हे नंबरने.
पडद्यावर शून्य ओळी.
शून्याला तोंड पाडता येत नाही, ते मलाच पाडावं लागलं.

तेव्हा लॉग उघडला.
तक्ता सांगतो आज काय आहे.
लॉग सांगतो काल काय होतं, कुणी बदललं, किती वाजता.
का, ते नाही. तो रकाना कुणी केलेलाच नाही.

चौदा लाख ओळी. आडनावाने भागेना,
आडनावच फिरत आलेलं: गावडो, गांवडे, गावडे.
मध्ये एकदा वडेगा. ते माझ्या हातचं,
दुसऱ्या मिनिटाला सुधारलेलं,
पण लाजही तिथे सेकंदासकट जपून ठेवलेली.
मग आतला क्रमांक धरला, चार हजार एकशे सहा,
आणि शेवटाकडून मागे निघालो,
शिवण उसवतात तसा.

सगळ्यात वर एकच अक्षर: डी.
नोंद काढली. वेळ आठ वाजून बावीस.
आठ बावीसला इथे कुलूप असतं,
सगुण किल्ली घेऊन येतो तो नवाला.
मानेवरचे केस उभे राहिले.
मग आठवलं, हा सर्व्हर
फोंड्यात बसून ग्रिनिचचं घड्याळ पाळतो.
साडेपाच तास मिळवले.
दुपारचे एक बावन्न.
एक बावन्नला मी खाली, बसस्टँडसमोर,
पातळ भाजीत उंडा बुडवत होतो.

वापरकर्ता: ऑपरेटर सात.
ऑपरेटर सात म्हणजे मी.

स्क्रीन उघडी टाकून गेलो होतो. रोजच जायचो.
लॉगला बोटं दिसत नाहीत, नाव दिसतं,
आणि नाव माझं.
भाटकाराचा पुतण्या येतो अधूनमधून,
टेबलाटेबलावर पेढे ठेवतो.
मीही खाल्ले आहेत.
त्या दिवशी तो आला होता का?
आठवायचा प्रयत्न केला आणि आठवली फक्त भाजी,
मिरची जास्त झालेली.

जुनं मूल्य नावाच्या रकान्यातून एकेक उचललं:
घर क्रमांक. भाटकाराचं नाव.
क्षेत्र, एकशे अडतीस चौरस मीटर.
शेरा: मागे दोन फणस, पायवाट पूर्वेकडून.
ओळ परत घातली.
त्याच क्षणी लॉगमध्ये एक आय,
अकरा वाजून अकरा, ऑपरेटर सात.
काढणारा मी, लावणाराही मीच.
पुढे कुणी वाचेल त्याने काय समजायचं, कुणास ठाऊक.
मामलेदारबाईंना टिपण लिहिलं,
वेळ साडेपाचाने वाढवून,
स्क्रीन उघडी होती हेही लिहिलं. दोनदा खोडून, तिसऱ्यांदा.

उतारा छापला. तिला वाचता येत नाही,
मी वाचून दाखवला. फणसांपाशी ती हसली.
मग म्हणाली, "आनी बांय?"

विहीर. अर्धा हक्क.
सासऱ्याच्या वेळी कागदावर होती म्हणे.
लॉगच्या तळाला गेलो.
पहिली ओळ, दोन हजार चौदा, सहा जून.
त्याआधी कुणी काही लिहून ठेवत नव्हतं.
त्याआधी जे पुसलं ते पुसलं.
नाही, म्हणालो मी, विहीर नाही.

"बांय आसा मरे," ती म्हणाली,
"सकाळींच उदक काडलें तिचें."

पाच वाजत आले होते.
रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या सगुणकडे असतात.
स्क्रीनला आधी कुलूप घातलं,
मग त्याला हाक मारली.